मेक्सिकोचे गव्हर्नर आणि आमची खुर्ची

वर्गात एखाद्या शब्दावर अडखळण्याची पाळी विद्यार्थ्यांची, अध्यापकाची नव्हे, अशी आमची बरीच वर्षे समजूत होती. गेल्या पावसाळ्यात ती दूर झाली. ग्रॅहॅम ग्रीनची 'द पॉवर अँड द ग्लोरी' ही 1940 सालची कादंबरी आम्ही शिकवीत होतो. मेक्सिकोच्या एका राज्यात चर्चे बंद, दारू बंद, आणि एक मद्यासक्त धर्मगुरू जीव मुठीत धरून रानोमाळ हिंडतो आहे. गव्हर्नरच्या एका नातलगाकडे मात्र चोरून दारू विकत मिळते! मागल्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राज्यपालच ना?" आम्ही "होय" म्हटले आणि पान उलटले.

घरी आल्यावर त्या 'होय'ने आम्हांस स्वस्थ बसू दिले नाही. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात आणि त्यांची मर्जी असेतोच तो राहतो. (घटना समितीने 1947 च्या जुलैत प्रांताचा गव्हर्नर लोकांनी निवडावा असे ठरविले होते, आणि 1949 च्या मे महिन्यात तो बेत सोडला, हे आज किती जणांस आठवते?) मेक्सिकोचा गव्हर्नर ही अगदी वेगळ्या जातीची वस्तू आहे. तेथील एकतीस राज्यांपैकी प्रत्येकात लोक त्यास थेट मते देऊन निवडतात. कारभार त्याचा, पोलीस त्याचे, अंदाजपत्रक त्याचे. आपला मुख्यमंत्री म्हणावा, तर विधानसभेचा अविश्वासाचा ठराव त्यास खाली खेचू शकत नाही. सहा वर्षांपर्यंत तो राज्याचा धनी असतो. आणि लोकांच्या मताने एकदा ती खुर्ची भोगलेल्या मनुष्यास ती पुन्हा कधीही, कोणत्याही कारणाने मिळावयाची नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही थबकलो. कारण सांगण्यासारखे आहे, आणि थोडे लाजिरवाणेही आहे. आमच्या गावच्या वाचनालयाचे अध्यक्षपद गेली सतरा वर्षे आमच्याकडे आहे. दरवर्षी निवडणूक होते, म्हणजे चहा होतो, कोणी तरी आमचे नाव सुचवितो, आणि आम्ही संकोचाने मान हलवितो. यंदा मात्र एका तरुण सभासदाने ठराव धाडला होता की, तीन वर्षांहून अधिक काळ कोणी अध्यक्ष राहू नये. 'अनुभव', 'सातत्य', 'संस्थेचे हित' असे शब्द योजून आम्ही त्यावर एक सडेतोड उत्तर मनात तयार ठेविले होते. मेक्सिकोच्या गव्हर्नरांकडे आम्ही वळलो ते त्या मुलीसाठी. वाचीत बसलो ते स्वतःसाठी.

प्रथम भेटले बेनितो हुआरेझ. ओआहाकातील डोंगरी खेड्यात 1806 मध्ये जन्मलेला, झापोतेक जमातीचा हा पोरका मुलगा बाराव्या वर्षी शहरात आला तेव्हा त्यास स्पॅनिश भाषा येत नव्हती. त्याची बहीण ज्या घरी स्वयंपाक करी, त्याच घरच्या मुलीशी पुढे त्याचा विवाह झाला. 1847 ते 1852 तो ओआहाकाचा गव्हर्नर होता. पुढे सांता आन्नाने त्यास हद्दपार केले तेव्हा न्यू ऑर्लिन्समध्ये हा माजी गव्हर्नर सिगारच्या कारखान्यात काम करून पोट भरीत होता. खुर्ची सुटल्यावर हाताने काम करून जगता येणे, ही कसोटी आम्ही मनाशी टिपून ठेविली. परंतु हाच हुआरेझ राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, 1871 साली पुन्हा निवडणुकीस उभा राहिला, आणि 'पुनर्निवड नको' अशी आरोळी ठोकून त्याच्याविरुद्ध बंड करणारा होता पोर्फिरिओ दियाझ. हुआरेझ 1872 मध्ये पदावरच वारला. दियाझने 1876 मध्ये त्याच आरोळीवर दुसरे बंड करून सत्ता घेतली, आणि ती मधली चार वर्षे वगळता 1911 पर्यंत सोडली नाही!

हे साधले कसे, ते पाहण्यासारखे आहे. दियाझने आपला शब्द मोडला नाही. तो पातळ केला. 1878 मध्ये घटनेत दुरुस्ती झाली: राष्ट्राध्यक्ष व गव्हर्नर यांनी लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येऊ नये. म्हणून 1880 मध्ये तो बाजूस झाला, आपल्या एका मित्रास चार वर्षे बसविले, आणि परत आला. 1887 मध्ये लागोपाठ एकदा चालेल असे ठरले. 1890 मध्ये ती अडचणही गेली. मग गव्हर्नरांनी तरी का उठावे? त्लाश्कालाचा प्रोस्पेरो काहुआन्त्सी 1885 मध्ये जो बसला तो 1911 मध्ये दियाझबरोबरच उठला. सव्वीस वर्षे! आम्ही सतरावर नऊ मिळवून पाहिले. सौभाग्यवती शेजारीच शेंगा सोलीत होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, त्या गृहस्थांना घरी कोणी सांगणारे नव्हते वाटते?" आम्ही उत्तर दिले नाही.

मादेरोने 1910 मध्ये दियाझचीच जुनी आरोळी दियाझवर उलटविली आणि क्रांती पेटली. 1917 ची घटना त्या राखेतून निघाली. क्रांतीतून वर आलेल्या गव्हर्नरांमध्ये आमचे मन गुंतले ते फेलिपे कारिय्यो पुएर्तो याच्यापाशी. युकातानचा गव्हर्नर म्हणून 1922 मध्ये अधिकार घेताना तो लोकांशी स्पॅनिशमध्ये न बोलता माया भाषेत बोलला. ज्या शेतमजुरांच्या घामावर तेथील घायपाताचे मळे पिकत, त्यांस आपला राजा आपल्या बोलीत बोलताना प्रथमच ऐकू आला असेल. त्याने खेड्यांना जमिनी दिल्या, मेरिदात विद्यापीठ स्थापिले. त्याची बहीण एल्विया 1923 मध्ये राज्याच्या विधिमंडळावर निवडून आली. पुढे लष्करातील बंडवाल्यांनी त्यास पकडले, आणि 3 जानेवारी 1924 रोजी मेरिदाच्या स्मशानभूमीत तीन भावांसह गोळ्या घातल्या. पुरती दोन वर्षेही त्यास मिळाली नाहीत. आज त्याच्या नावाचे शहर आहे. सव्वीस वर्षांच्या काहुआन्त्सीचे नाव आम्हांस शोधून काढावे लागले.

त्याच वर्षांत आपले वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे चापिंगोच्या कृषिविद्यालयात मक्याच्या वाणांवर संशोधन करीत होते, आणि खेडुतांसाठी मोफत शेतकी शाळा चालवीत होते. त्या देशाची धामधूम एका वऱ्हाडी मनुष्याने अशी जवळून पाहिली, ही गोष्ट आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितली. मुले प्रथमच कान टवकारून बसली.

ग्रीनने ज्या ताबास्कोवरून आपले राज्य रंगविले, तेथे तोमास गारिदो कानाबाल हा 1920 नंतरची सुमारे पंधरा वर्षे सर्वाधिकारी होता. खुर्चीवर कधी तो स्वतः, कधी त्याची माणसे; हुकूम नेहमी त्याचाच. 1933 मध्ये घटनेतील नियम अधिक घट्ट करण्यात आला, तो अशाच नमुन्यांमुळे म्हणण्यास हरकत नसावी. तरीही पळवाट राहिली. 1929 मध्ये स्थापन झालेल्या एकाच पक्षाचे लोक वेगवेगळ्या नावांनी साठ वर्षे प्रत्येक राज्यात गव्हर्नर होत राहिले. राजधानीतून बोट दाखविले जाई आणि मतपेटी ते बोट ओळखी. या प्रकारास तिकडे 'देदासो' म्हणतात. 'देदो' म्हणजे बोट. बाहा कॅलिफोर्नियात 1989 मध्ये एर्नेस्तो रुफो निवडून आला तेव्हा ही साखळी प्रथम तुटली. त्याच्या दहा वर्षे आधी कोलिमाने ग्रिसेल्दा आल्वारेझ या कवयित्रीस पहिली स्त्री-गव्हर्नर म्हणून निवडले होते, हेही सांगितले पाहिजे. आणि नियमाने मनुष्य साधू होतो असे कोणी समजू नये: व्हेराक्रूझचा हाविएर दुआर्ते मुदत संपण्यास थोडे आठवडे उरले असता 2016 मध्ये रजा घेऊन पसार झाला, ग्वातेमालात सापडला, आणि 2018 मध्ये त्यास नऊ वर्षांची शिक्षा झाली. परत मते मागावयाची नसल्यावर लाज कोणाची, असा प्रश्न उरतोच. आमच्या तयार उत्तरात हे उदाहरण फार शोभले असते.

वर्गात त्या मुलीपाशी आम्ही आमची चूक कबूल केली. ती म्हणाली, "सर, मग ते लोक नंतर काय करतात?" हुआरेझच्या सिगारी आम्हांस आठवल्या.

सभेच्या आदल्या संध्याकाळी तो तरुण सभासद ठरावाची शुद्ध प्रत घेऊन आमच्याकडे आला. कार्यक्रमपत्रिकेवर अध्यक्षाची सही लागते. बिचारा भीत भीत खुर्चीच्या कडेवर बसला होता. 'कोणाही सभासदास तीन वर्षांहून अधिक काळ लागोपाठ अध्यक्षपद धारण करता येणार नाही', अशी वाक्यरचना होती. आम्ही चष्मा पुसला, लेखणी घेतली आणि 'लागोपाठ' हा शब्द खोडला.

"सर, तो शब्द तुमच्या सोयीसाठीच ठेवला होता," तो चाचरत म्हणाला.

"माहीत आहे," आम्ही म्हणालो, आणि खाली सही केली. मग वाचनालयाच्या दुर्मिळ ग्रंथांच्या कपाटाची किल्ली, जी सतरा वर्षे आमच्या घरच्या जुडग्यात होती, ती काढू लागलो. कडी गंजली होती. सौभाग्यवतींनी आतून खोबरेल तेल आणून दिले.