अर्ध्या उत्तरांची छाटणी

साहित्य शिकवणाऱ्या मला गणितातली एक युक्ती वारंवार आठवते. समजा, नाशिकच्या कुसुमाग्रज स्मारकात एका संध्याकाळी एकच सभागृह मोकळे आहे आणि कार्यक्रम तीन: काव्यवाचन, व्याख्यान, नाट्यवाचन. ‘यांपैकी कोणतेही दोन एकत्र नकोत’ अशा तीन अटी घातल्या, तर गणित सुचवते: तिन्ही अर्धे-अर्धे करा, एकूण दीड! अटींनी बांधलेल्या बहुफलकाचा हाच सर्वोच्च कोपरा. अशा कोपऱ्याकडे बहुफलकाच्या आतून जाणारी वेगवान वाट नरेंद्र करमरकरांनी १९८४ मध्ये दाखवली. परंतु अर्धे काव्यवाचन ठेवता येत नाही. राल्फ गोमोरी यांनी १९५८ मध्ये मांडलेला उपाय छाटणीचा. तिन्ही अटींची बेरीज करून निम्मी केली की मर्यादा येते दीड. उत्तर पूर्णांकच हवे, म्हणून एक. या नव्या अटीने एकही खरा पर्याय जात नाही; जातो तो केवळ खोटा समन्वय.

परस्परविरोधी वाचनांना थोडे-थोडे खरे म्हणण्याची आमच्या वर्गातली सवय मला तेव्हा खुपते. छाटणीनंतर सर्वोच्च कोपरे तीन उरतात, सारख्याच उंचीचे. त्यांतला कोणता निवडायचा आणि कोणत्या दोहोंना नकार द्यायचा, हे मात्र गणित सांगत नाही.