त्या रात्रीनंतरची सकाळ

धर्मांतर म्हटलं की आपल्या मराठी डोक्यात पहिल्यांदा कोण येतं? रेव्हरंड टिळक. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला कवी आणि पाठोपाठ लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे'. म्हणजे भरपूर वाचून, वाद घालून, विचारांती घेतलेला निर्णय. आजचा विषय अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. ज्याच्या खिशात चाकू आणि अंगात नशा आहे असा माणूस येशूपाशी का जातो? आणि गेल्यावर तिथे टिकतो का?

तर मंडळी, गोष्ट न्यूयॉर्कची, १९५८ सालची. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावातला डेव्हिड विल्करसन नावाचा पास्टर 'लाईफ' मासिकात एका खटल्याविषयी वाचतो. पोलिओ झालेल्या १५ वर्षांच्या मुलाच्या खुनाचा खटला, आणि आरोपी पण सगळी पोरंटोरंच. हा गाडी काढून थेट न्यूयॉर्क गाठतो आणि भर कोर्टात उठून न्यायाधीशांशी बोलायला जातो. पोलीस त्याला उचलून बाहेर टाकतात. हातात बायबल धरलेला त्याचा फोटो पेपरात छापून येतो. गावभर नाचक्की! पण गंमत बघा, त्याच फोटोमुळे गल्लीतल्या गँगची पोरं त्याच्याशी बोलायला लागली. ज्याला पोलीस हाकलतात तो आपला माणूस, एवढं साधं लॉजिक.

त्यांच्यातच होता निकी क्रूझ. पोर्टो रिकोत जन्मलेला, १५ वर्षांचा असताना बापाने भावाकडे न्यूयॉर्कला पाठवून दिलेला. तिथे तो ब्रुकलिनच्या 'माऊ माऊ' गँगचा म्होरक्या झाला. दारू, गांजा, मारामाऱ्या, लुटालूट, सगळं होतं. विल्करसन भेटायला आला तेव्हा निकीने त्याला थोबाडीत मारली होती.

जुलै १९५८ मध्ये विल्करसनने सेंट निकोलस अरिना नावाच्या हॉलमध्ये सभा घेतली. एरवी तिथे बॉक्सिंगचे सामने व्हायचे. निकी आणि त्याची पोरं धिंगाणा घालायला म्हणून गेली. विल्करसनने काय करावं? देणगी गोळा करायचं काम त्याने याच पोरांना सांगितलं. पैसे घेऊन पडद्यामागून स्टेजवर यायचं होतं, आणि पडद्यामागेच बाहेर पडायचं दार होतं. पोरं दारापर्यंत पोचली. आणि सगळे पैसे घेऊन स्टेजवर आली. कोणीतरी आपल्यावर विश्वास टाकला, ही भानगडच त्यांना नवीन होती.

त्या रात्री निकी रडला, गुडघे टेकले. त्याचा जिगरी दोस्त इस्रायल नार्वाएझ पण त्याच्यासोबत होता. मग दोघं आपल्या पोरांना घेऊन पोलीस चौकीत गेले आणि हत्यारं जमा केली. १९७० साली यावर सिनेमा निघाला, पॅट बून विल्करसन झाला होता. सिनेमाला एवढा मसाला पुरेसा आहे.

मला मात्र पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. निकीला विल्करसन शहराबाहेर घेऊन गेला, नंतर कॅलिफोर्नियातल्या बायबल स्कूलमध्ये पाठवलं. इस्रायल पण सोबत जाणार होता. पण ठरल्या जागी भेट चुकली. निकीच्या 'रन बेबी रन' या १९६८ सालच्या आत्मकथनात हे आहे. इस्रायल सामान घेऊन वाट बघत राहिला, कोणी आलं नाही असं समजून परत गल्लीत गेला. पुढे गँग एका खुनात अडकली आणि तो तुरुंगात गेला. बऱ्याच वर्षांनी तोही श्रद्धेकडे वळला, पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

म्हणजे बघा, एकच रात्र, एकच हॉल, एकच प्रार्थना. फरक पडला तो एका चुकलेल्या गाडीने.

आमच्या धंद्यात गो-लाईव्हच्या रात्री केक कापतात, फोटो काढतात. सिस्टीम चालते ती मात्र नंतरचे सहा महिने सपोर्टला बसलेल्या पोरांमुळे. विल्करसनला पण हे कळलं असावं. त्याने ब्रुकलिनमध्ये क्लिंटन अॅव्हेन्यूवर घर घेतलं, व्यसनी पोरांना तिथे राहायला आणलं. हेच ते 'टीन चॅलेंज'. निकी शिकून परत आला आणि तिथेच कामाला लागला. या संस्थेच्या यशाचे आकडे फार मोठे सांगतात, ८० टक्क्यांच्या वर. जरा सांभाळून घ्या. ज्यांनी कोर्स पूर्ण केला त्यांचा तो आकडा आहे, मधेच पळालेले त्यात मोजलेले नाहीत. साक्ष द्यायला स्टेजवर तोच येतो जो वाचला!

आता एवढं सगळं मी का सांगतोय? कारण हा प्रश्न आमच्या घरात येऊन बसलाय. माझा मावसभाऊ. आधी दारू, मग गोळ्या, मग मावशीच्या पाटल्या, आणि शेवटी शेजाऱ्याची मोटरसायकल परस्पर विकली. चार महिने आत जाऊन आला. दोन व्यसनमुक्ती केंद्रं झाली. आता चौदा महिने स्वच्छ आहे, आणि दर रविवारी चर्चला जातो.

मावशीचा फोन येतो, "सुटलं हे खरं रे, पण लोक काय म्हणतील? तुझं ऐकतो तो. समजाव ना जरा."

मी त्याला एवढंच विचारलं, की तिथे असं काय मिळालं? तो म्हणाला, "दादा, घरी सगळे म्हणायचे, आधी सुधारून दाखव, मग ये. तिथे म्हणाले, आधी ये."

यावर मी काय समजावणार, सांगा? मी स्वतः कुठल्याच देवळात फारसा न जाणारा माणूस. पण ख्रिस्ती श्रद्धेतली नेमकी हीच गोष्ट अशा माणसाला धरत असणार. परतफेडीच्या आधी माफी. आणि माफी मिळाली म्हणून हिशोब मिटत नाही, हेही तो शिकलाय. निकीने हत्यारं चौकीत नेऊन दिली, हा शेजाऱ्याला दरमहा दोन हजार नेऊन देतो.

आपल्याकडे वाल्या कोळ्याची गोष्ट आहेच की, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण त्या गोष्टीतही घरचे पापात वाटेकरी व्हायला नाहीच म्हणाले होते. आणि अंगावर वारूळ चढेपर्यंत बसावं लागलं होतं, एका रात्रीत वाल्मिकी झाला नव्हता. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच सांगतंय, उपचार संपल्यावर पाठपुरावा सुरू. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची तर मुळंच ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत आहेत, आणि तिथेही एकमेकांना रोज फोन करणं हेच मोठं औषध.

मावशीला मी म्हटलं, समजावणार नाही. तो उद्या तिथून परत फिरला तर मात्र त्याच्या शेजारी कोण असेल, तेवढं आपण ठरवू.

त्याचं लायसन्स अजून अडकलेलं आहे आणि रविवारी सकाळी बसचा भरवसा नाही. म्हणून साडेसातला मीच त्याला चर्चच्या फाटकाशी सोडतो. प्रार्थना संपेपर्यंत समोरच्या टपरीवर दोन चहा होतात.

असो. बाकी पुढच्या शनिवारी.