आबाजींची राहिलेली वाट



गेल्या डिसेंबरात मी चार दिवसांची रजा टाकली आणि सायकल काढली. पुलगावहून आर्वी, आर्वीहून तळेगाव, तिथून आष्टी. मग परत आर्वीला येऊन खरांगणा, वर्धा, पवनार, सेवाग्राम आणि घर. कचेरीतले सहकारी हसले. एकाने विचारले, "साहेब, पेट्रोल महागलं म्हणून का?" सौभाग्यवतींनी गुडघ्यांची आठवण करून दिली. सोबत यायला तयार झाली ती फक्त माझी धाकटी लेक. ती कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सायकल माझ्यापेक्षा बरी चालवते.

तुम्ही म्हणाल, शेतीचा सल्ला देणारा माणूस आज सहलीचे वर्णन काय घेऊन बसला? पण या वाटेला एक कारण होते. ते माझ्या घरातले आहे आणि आजवर मी कुठे बोललो नव्हतो.

आधी गावाचे सांगतो. आमचे पुलगाव बाहेरच्या लोकांना माहीत आहे ते लष्कराच्या दारूगोळा भांडारामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते इथे उभे राहिले. आम्हाला त्याची इतकी सवय की ते आहे हेसुद्धा आम्ही विसरतो. ३१ मे २०१६ च्या पहाटेपूर्वी मात्र साऱ्या पंचक्रोशीची झोप उडाली. त्या आगीत दोन लष्करी अधिकारी आणि आगीशी झुंजणारे अनेक जवान गेले. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण गेले. त्यांत जवळच्या खेड्यांतले मजूर होते. युद्ध दूर देशी होते असे आपण समजतो, पण त्याची झळ अशी घरापर्यंत येते.

लेकीला मी वाटेत सांगत होतो, हवेतले नत्र पकडून त्याचा अमोनिया करण्याची रीत जर्मनीत हाबर या शास्त्रज्ञाने १९०९ साली शोधली. १९१३ साली त्याचा कारखाना सुरू झाला. पहिल्या महायुद्धात त्याच नत्रापासून स्फोटके झाली आणि आज त्याच रीतीने आपल्या युरियाची गोणी भरते. वस्तू तीच, हात कोणाचा आणि हेतू कोणता एवढाच फरक.

पुलगाव ते आर्वी रस्ता सुमारे ३५ किलोमीटरचा. याच दिशेने १९१७ साली कापूस वाहण्यासाठी छोटी रेल्वे टाकली होती. ती बंद पडून बरीच वर्षे झाली. सकाळी सहाला निघालो तेव्हा तुरीवर दव होते. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बाया ओटी बांधून वेचणीला लागलेल्या. मोटारसायकलवरून हाच रस्ता मी शेकडो वेळा गेलो असेन. पण कुठे जमीन भारी, कुठे मुरमाड, कुठल्या बांधावर किती झाडे उरली, हे सायकलवरूनच दिसते. खऱ्या अर्थाने शिवारफेरी तीच.

आर्वीच्या पुढे सातपुड्याच्या लहान लहान टेकड्या सुरू होतात. साग, पळस, मोह, तेंदू. चढावर मी सरळ उतरून सायकल ढकलत होतो, त्यात कमीपणा कसला? या डोंगराळ भागाचे वैभव म्हणजे गवळाऊ गाय. पांढरी, हलक्या अंगाची, चालायला चपळ. मराठ्यांच्या फौजांचे सामान डोंगरवाटांनी झपाट्याने वाहावे म्हणून ही बैलांची जात जोपासली गेली, असे जाणकार सांगतात. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिचे पैदास केंद्र आहे. आज ट्रॅक्टर आले, संकर आला आणि शुद्ध गवळाऊ शोधावी लागते. ज्यांच्या गोठ्यात ती आहे त्यांनी ती टिकवावी, एवढेच मी हात जोडून सांगेन.

आणि इथेच माझ्या घरची गोष्ट येते.

माझे आबाजी आर्वीकडच्या एका लहान खेड्यातले. दहा एकर कोरडवाहू आणि गोठ्यात गवळाऊ जनावरे. १४ जुलै १९४२ ला वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी चालते व्हावे असा ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईत 'भारत छोडो'ची हाक झाली आणि आठ दिवसांत ती डोंगरातल्या वाड्यापाड्यांपर्यंत पोचली. १६ ऑगस्टला नागपंचमी होती. त्या दिवशी आपण नांगर धरत नाही, विळा लावत नाही, म्हणजे माणसे मोकळी. गावोगावचे लोक आष्टीला निघाले, पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला.

आबाजीही दोन सोबत्यांबरोबर निघाले. कोस दीड कोस गेले असतील, तोच मागून धाकटा भाऊ धावत आला. गाय अडली होती, वासरू आडवे आले होते. त्या काळी डॉक्टर कुठला? गोठ्यातले कळणारे घरात आबाजीच. ते परत फिरले. संध्याकाळपर्यंत खटपट करून गाय सोडवली. गाय जगली, वासरूही जगले.

आष्टीला त्या दिवशी गोळीबार झाला. सहा जण हुतात्मे झाले. चिडलेल्या जमावाने ठाणे जाळले, पोलिसांतलेही काही मारले गेले. मग धरपकड झाली. त्याच दिवशी चिमूरलाही असेच घडले होते. दोन्हीकडच्या अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या टळाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले आणि १९४५ साली उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या गेल्या. आबाजींचा एक सोबती तुरुंगात गेला. तो सुटून आला तेव्हा वाळून काडी झाला होता.

आबाजी पुढे आष्टीला कधीच गेले नाहीत. बाजाराला नाही, सोयरिकीला नाही. नागपंचमीला ते उपास धरत आणि दिवसभर गोठ्यात बसत. १५ ऑगस्टला शाळेत बोलावले तर जात नसत. मी कॉलेजात असताना एकदा धीर करून विचारले. ते म्हणाले, "मी अर्ध्या वाटीतून फिरलो रे बाप्पा. गाय वाचली अन् मीही वाचलो. आता कोणत्या तोंडानं जाऊ तिथं?" १९८९ साली ते गेले.

बंधूंनो, ही राहिलेली वाट मला पुरी करायची होती. जीप पाठवणे सोपे होते. पण ती पायांनी, निदान सायकलच्या पायडलने तरी पुरी व्हावी असे वाटले.

दुसऱ्या दिवशी तळेगाव सोडले आणि माझे मागचे चाक बसले. पंप होता, पण पंक्चरचे सोल्युशन वाळून गेलेले. बांधावरून एक म्हातारे शेतकरी आले. "काय जी भाऊ, पंचर झाली काय?" म्हणाले आणि पोराला गावात पिटाळले. तोवर आम्हाला झाडाखाली बसवून संत्री दिली. आंबिया बहाराची शेवटची फळे होती. बागेत थोडी डिंक्या दिसली, म्हणून मी बोर्डो पेस्ट लावायला सांगितले. माझा धंदा सुटतो थोडाच!

बोलता बोलता कळले की त्यांचे मूळ गाव वर्धा नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेले. आष्टीच्या कडेने तो जलाशय कसा पसरला आहे ते तुम्ही पाहिले असेल. मी म्हणालो, "वाईट वाटत असेल." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाटते जी. मायचं चुलाण पाण्यात आहे. पण खाली कोनाचं तरी वावर भिजते ना? सगळ्याईनं एकच काम थोडी करा लागते."

पैसे द्यायला खिशात हात घातला तर रागावले. "पैशे कायचे जी? पोरगी संगं आहे, पानी प्या अन् सावकास जा."

आष्टीला पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. हुतात्मा स्मारकापाशी सायकली लावल्या. आबाजींच्या गोठ्यातली जुनी घागरमाळ मी पिशवीत आणली होती. ती तिथे ठेवावी असे मनात होते. पण हात पुढे होईना. ते हुतात्म्यांचे स्थान, आबाजी काही हुतात्मा नव्हते. लेक म्हणाली, "बाबा, ठेवू नका. फक्त नमस्कार करा. घागरमाळ गोठ्यातच शोभते." तिचे बरोबर होते. आम्ही दोघांनी हात जोडले. मी मनात म्हणालो, आबाजी, उशीर झाला, पण आलो.

मला रडू येईल असे वाटले होते, तसे झाले नाही. उलट हलके वाटले. त्या म्हाताऱ्यांचे बोलणे कानात होते. ज्यांनी प्राण दिले त्यांची बरोबरी कोणी करू नये. पण जो गोठ्यात राहिला त्याने जन्मभर तोंड लपवावे, असेही नाही. हे आबाजींना त्यांच्या हयातीत कोणी सांगितले असते तर? मी तरी सांगायला हवे होते. तेव्हा मी विशीच्या आतबाहेरचा होतो, मला सुचले नाही.

परतीची वाट थोडक्यात सांगतो. आर्वीहून पिंपळखुट्यावरून खरांगण्याकडे उतरलो आणि महाकाळीचे धरण पाहिले. टेकड्यांच्या मांडीवर धाम नदीचे पाणी, कडेला पाणकोंबड्या. हेच पाणी वर्धा शहर पिते. हीच धाम पुढे पवनारला जाते. तिच्या काठच्या पवनारमध्ये १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. एका जिल्ह्यात एकीकडे युद्धाचे भांडार आणि दुसरीकडे युद्धाला नाही म्हणणारा माणूस! सेवाग्रामला बापूंच्या कुटीसमोर बसून आम्ही उरलेली भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि दिवेलागणीला पुलगाव गाठले.

तुम्हीही निघा. नवी महागडी सायकल नको, घरची चालेल. ब्रेक तपासा, जादा ट्यूब, पंप, पान्हा आणि ओले सोल्युशन घ्या. नोव्हेंबर ते जानेवारी हवा चांगली. पहाटे निघा, दुपारी सावली धरा. तळेगावजवळ राष्ट्रीय महामार्गावर ट्रक फार, तिथे कडेने चाला आणि अंधारात जाऊ नका. धरणाच्या पाण्यात उतरू नका. आणि पोरांना सोबत न्या.

घरात कोणी म्हातारे माणूस नागपंचमीला किंवा आणखी कुठल्या दिवशी गप्प बसत असेल, तर निघण्याआधी त्याच्याजवळ थोडे बसा, विचारा आणि ऐकून घ्या. वाट नंतरही पुरी करता येते. ते ऐकणे मात्र नंतर होत नाही.

घागरमाळ मी पुन्हा गोठ्यात टांगली आहे. येत्या पोळ्याला ती बैलाच्या गळ्यात घालणार आहे.