चैत्रातली जमेची बाजू

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला वसंत ऋतू ठाऊक नसतो, असे मी एके काळी विनोदाने म्हणत असे. खरे पाहता ती वस्तुस्थितीच होती. चैत्र येतो तो नेमका मार्चअखेरीच्या तोंडावर किंवा तिच्या पाठोपाठ. ताळेबंद, व्याजाच्या नोंदी, थकीत कर्जांच्या याद्या, वरिष्ठ कार्यालयाचे फोन यांतून मान वर करायला सवड नसे. पेणच्या आमच्या घरापुढे आंब्याचे जुने झाड आहे. त्याचा मोहोर मी चौतीस वर्षे ओळखला तो केवळ वासावरून, रात्री दहानंतर फाटकाशी स्कूटर उभी करताना. व्यापारी वाचकांना हे निराळे सांगायला नको. मार्चअखेर त्यांच्याही पेढीवर येतोच.

घरात मात्र त्याच दिवसांत दुसराच हिशेब चालू असे. फाल्गुन चौमासीपासून पालेभाजी बंद झालेली असायची आणि चैत्र शुद्ध सप्तमीला माझ्या पत्नीची नवपदाची ओळी सुरू व्हायची. तिची आयंबिले एका धान्याची असत. पहिल्या दिवशी अरिहंतपदाचा तांदूळ, दुसऱ्या दिवशी सिद्धपदाचे गहू, मग हरभरा, मूग, उडीद आणि शेवटचे चार दिवस पुन्हा तांदूळ. नऊ दिवस स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत नसे. ती माझ्यासाठी वेगळे रांधायची, मी घाईघाईने जेवायचो आणि बँकेत जायचो. एका चैत्री पौर्णिमेला ती म्हणाली होती, "आज सिद्धचक्राच्या पूजेला याल का? तासाभराचेच काम आहे." मी म्हणालो, "पुढच्या वेळी नक्की." त्या वाक्याची थकबाकी माझ्या नावावर अजून आहे.

नऊ ओळ्या, एकूण एक्याऐंशी आयंबिले, असा तिचा संकल्प होता. आठ झाल्या. आठवी आश्विनात झाली आणि पौषात ती गेली. आजार फार दिवसांचा नव्हता. तिच्या हिशेबात बाहत्तर जमा आणि नऊ बाकी राहिली.

ही बाकी मला स्वस्थ बसू देईना. फाल्गुनात गावात साध्वीजींचा मुक्काम होता. वंदन करून मी विचारले, "महाराज साहेब, तिची नववी ओळी मी पूर्ण केली तर चालेल का?" त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे सांगितले, "नाही. ज्याचे कर्म त्याचे. एकाचे तप दुसऱ्याच्या खात्यावर चढत नाही. तुम्ही ओळी केलीत तर ती तुमची पहिली होईल. त्यांच्या आठच राहतील."

मला हे उत्तर कठोर वाटले. आयुष्यभर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रकमा वळवण्याचे काम केलेल्या माणसाला 'इथे वर्ग करता येत नाही' हे ऐकणे जड गेले. मी उठू लागलो तेव्हा त्या पुढे म्हणाल्या, "पण अनुमोदना करता येते. केलेल्या सुकृताचा मनापासून आनंद मानणे, हेही सुकृतच आहे. मात्र त्यासाठी ते सुकृत आधी नीट पाहावे लागते. तुम्ही त्यांचे तप पाहिले आहे का?"

मी गप्प राहिलो.

चैत्र शुद्ध सप्तमीला मी पच्चक्खाण घेतले. पर्युषणातला संवत्सरीचा उपवास सोडला तर तपाची मला सवय नव्हती. पहाटे ओट्यावर कटासणे टाकून सामायिकाला बसलो. अठ्ठेचाळीस मिनिटे काहीही न करता बसणे हे पहिल्या दिवशी मला तिमाही बैठकीहून लांबलचक वाटले. दुसऱ्या दिवशी मात्र समोरच्या तारेवर बसलेला एक काळापांढरा पक्षी गाऊ लागला. तो दयाळ होता. उन्हाळ्याच्या तोंडाशी दयाळाचा नर असा पहाटे गातो, हे मला साठी उलटल्यावर कळले. शेजारच्या काकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "अहो, दरवर्षी गातो तो. वहिनी त्याची वाट बघायच्या."

ओट्याच्या कठड्यावर मातीचे एक पसरट भांडे असते. पक्ष्यांच्या पाण्यासाठी ती ते ठेवत असे. ते भरायचे कसे, याचेही तिचे शास्त्र होते. पाणी गाळलेले हवे, मधमाशी पडली तर तिला टेकता यावे म्हणून मध्ये एक दगड हवा, आणि संध्याकाळी भांडे रिकामे करून कोरडे पालथे घालायचे, म्हणजे त्यात शेवाळ धरत नाही आणि रात्री किडामुंगी बुडत नाही. मी एकदा म्हणालो होतो, "एवढ्याशा पाण्याने काय होणार आहे?" आता ते भांडे मी भरतो. साळुंक्या येतात, बुलबुल येतात, दुपारी एखादी खार येते. खारेपाटातल्या गावांना उन्हाळ्यातली पाणीटंचाई नवी नाही. नळ सोडला की पाणी येते, हीच मुळात केवढी कृपा आहे, हे पेणच्या माणसाला कोणी शिकवावे लागू नये. मला ते शिकावे लागले.

ओळी सोपी गेली असे सांगितले तर ते खोटे ठरेल. तिसऱ्या दिवशी डोके दुखले. पाचव्या दिवशी उडदाचा घास घशाखाली उतरेना आणि सुनेवर मी विनाकारण चिडलो. उरलेले दिवस मी कर्जाच्या हप्त्यांसारखे मोजत होतो. त्या संध्याकाळी मन वळवावे म्हणून बाजारातून एक फेरी मारली. मूर्तींच्या कारखान्यांत भाद्रपदाची तयारी आतापासूनच चालू होती. न रंगवलेले पांढरे गणपती ओळीने सुकत होते. धान्याच्या दुकानात नव्या कडव्या वालांची पोती आली होती. टोपल्यांत कैऱ्या होत्या, ताडगोळे होते. यातले काहीच मला त्या दिवशी घ्यायचे नव्हते. आणि काय आश्चर्य, जे घ्यायचे नाही ते स्पष्ट दिसू लागते! वालाच्या दाण्यावरचा पांढरा डोळा, कैरीच्या देठाशी साकळलेला चीक, ताडगोळा सोलणाऱ्या बाईच्या कोयत्याची चपळाई, हे सारे मी त्या बाजारात चाळीस वर्षे जाऊनही पाहिले नव्हते. गिऱ्हाइकाची नजर मालाच्या किमतीवर असते. त्या दिवशी मी गिऱ्हाईक नव्हतो.

आर्द्रा नक्षत्र लागले की आंबा सोडायचा, हा आपल्या घरांतला नियम मला लहानपणी जाचक वाटे. आता वाटते की तो आंब्याचा मान आहे. ज्याला सीमा असते त्याचीच किंमत कळते.

सातव्या दिवशी, महावीर जन्मकल्याणकाला, रोह्याच्या ताईकडे गेलो. उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन सकाळी दिवा-रोहा गाडीत बसलो. पेणहून रोहा म्हणजे कासू, नागोठणे, निडी एवढीच काय ती स्थानके. इतकी वर्षे या गाडीत मी फाइली वाचल्या. या वेळी खिडकीतून पाहिले. वालाची शेते रिकामी होऊन भेगाळली होती. डोंगरउतारावर पळसाची शेवटची फुले होती आणि कुसुंबाची नवी पालवी अशी लालभडक होती की दुरून फुलेच वाटावीत. ज्या झाडांना महिनाभर पाणी मिळालेले नाही, ती ऐन उन्हात कोवळी पाने काढतात. याला श्रद्धा म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

दुपारी ताईच्या हातचे आयंबिल झाले. तिच्या घरी मोकळ्या भाताचे पातेले होते आणि तिच्याजवळ बोलायला पुष्कळ होते. ती म्हणाली, "भाऊ, वहिनीने मला तीन ओळ्यांना सोबत केली. ती फोनवर रोज विचारायची, आज काय चांगले पाहिलेस? मी म्हणायची, अगं, तोंडाला चव नाही आणि तू काय विचारतेस! ती म्हणायची, चव नाही म्हणूनच विचारते." माझ्या घरात रोज विचारला जाणारा हा प्रश्न मी रोह्याला जाऊन प्रथम ऐकला.

उतरत्या उन्हात आम्ही कुंडलिकेच्या काठी गेलो. कोकणातल्या बहुतेक नद्या चैत्रात आटतात, कुंडलिका मात्र वाहते. याचे कारण घाटमाथ्यावर आहे. मुळा नदीवरच्या मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याच्या वीजघरात आणले जाते. 1927 पासून ते वीज निर्माण करत आले आहे आणि वीज करून झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत उतरते. म्हणजे रोह्याची ही उन्हाळ्यातली नदी पलीकडच्या मावळखोऱ्याची देणगी आहे. ती कोणी राजीखुशीने दिलेली नव्हती. त्या धरणात मुळशीकरांची भातखाचरे आणि घरे बुडाली. त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तो 1921 च्या रामनवमीला सुरू झाला होता, म्हणजे चैत्री ओळीच्या तिसऱ्या दिवशी. नदीकडे पाहताना माझ्या मनात आले, आपल्या वाट्याला येणाऱ्या प्रत्येक सुखाच्या मागे कोणाची तरी उचल असते. ती आपल्या पासबुकात दिसत नाही, म्हणून ती नाही असे होत नाही.

मग आभार मानायचे कोणाचे? रोहा ही पांडुरंगशास्त्री आठवल्यांची जन्मभूमी. 1920 साली ते इथे जन्मले. सकाळी उठताना, जेवताना आणि झोपताना, असे दिवसातून तीनदा कृतज्ञतेने देवाचे स्मरण करावे, असे त्यांनी लाखो लोकांना शिकवले. त्यांच्या परंपरेत देणारा परमेश्वर आहे. आपले तीर्थंकर वीतराग आहेत, ते काही देत नाहीत आणि काही हिरावूनही घेत नाहीत. मग जैनाने कृतज्ञ व्हायचे ते कोणाविषयी? हा प्रश्न माझ्या मनात अनेक वर्षे होता, आणि खरे सांगायचे तर श्रद्धेपासून दूर राहायला तो मला सोयीचाही होता.

उत्तर आपल्या घरात रोज दिसते. जैन प्रतीकाच्या खाली उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातले जे सूत्र लिहिलेले असते, त्याचा आशय एवढाच की जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावे, हाच जीवांचा परस्परांवरचा उपकार. देणारा वर कोणी बसलेला नाही, देणारे आजूबाजूला आहेत. पाण्याचे जीव, वनस्पतीचे जीव, कोयता चालवणारी ती बाई, मुळशीचा शेतकरी, आणि माझ्यासाठी नऊ दिवस वेगळे रांधणारी माझी पत्नी. या उपकाराची फेड शब्दांनी होत नाही. कमी घेणे आणि जपून घेणे, हीच आपली आभार मानण्याची रीत. आयंबिल म्हणजे शरीराला दिलेली शिक्षा नव्हे, ती जीवमात्राला दिलेली पोच आहे, असे मला त्या काठावर वाटले.

आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात 1895 साली जन्मलेल्या विनोबांना हे नाते उमगले असावे. त्यांच्याच आग्रहातून भगवान महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाण शताब्दीच्या काळात सर्व संप्रदायांना मान्य असा 'समणसुत्तं' हा ग्रंथ सिद्ध झाला. 1974 च्या नोव्हेंबरात दिल्लीतल्या संगीतीत त्याला मान्यता मिळाली. 1982 साली अन्न आणि औषध सोडून विनोबांनी देह ठेवला तो दिवस दिवाळीचा, महावीर निर्वाणाचा होता. जन्माने जैन नसलेला माणूस आपल्या धर्माचे एवढे ऋण मानतो आणि जन्माने जैन असलेला मी घरातले तप पाहत नाही, याची लाज वाटली.

पौर्णिमेला नववे आयंबिल केले. तांदूळ रोजचाच, आमच्या खारेपाटाच्या भातशेतीतला. त्यात तेल नव्हते, तूप नव्हते, मसाला नव्हता. पहिला घास सावकाश चावला आणि भात गोड लागला. भात मुळातच गोड असतो, हे मला माहीत नव्हते. वर्षानुवर्षे मी त्यावर काही ना काही ओतत आलो होतो. त्या घासाला मी तिच्या बाहत्तर आयंबिलांची अनुमोदना केली. मग तासभर आधी देरासरात जाऊन सिद्धचक्राच्या पूजेची तयारी करू लागलो. तासाभराचेच काम होते.

दुसऱ्या दिवशी सुनेने मुगाचे पाणी देऊन पारणे करवले. संध्याकाळी भांडे पालथे घालायला गेलो, तर नातू आधीच तिथे उभा होता. त्याने आतला दगड पुसून कठड्यावर ठेवला आणि विचारले, "आजोबा, आज काय चांगले पाहिले?" रोह्याच्या ताईचा फोन आला होता म्हणे.

मी त्याला दयाळाविषयी सांगितले. तिची बाकी मात्र नऊच आहे. ती मी आता पुसायला पाहत नाही. माझ्या स्वतःच्या बाहत्तर आयंबिलांची बाकी अजून उभी आहे आणि आश्विन सहा महिन्यांवर आहे.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.