‘काढून टाकला’ या संदेशानंतर

संगणकात ट्रोजन सापडला, अँटिव्हायरसने तो काढला, पडद्यावर हिरवी खूण आली, की बहुतेक घरांत विषय तिथेच मिटतो. घरगुती संगणकांची अशी साफसफाई करता करता माझं मत मात्र उलट बाजूने पक्कं होत गेलं आहे. ती खूण एवढंच सांगते की ओळखता आलेली एक फाइल आता तिथे नाही. ती फाइल होती तेवढ्या वेळात तिने काय नेलं आणि आणखी कोणाला आत घेतलं, याबद्दल त्या खुणेकडे उत्तर नसतं. म्हणून ज्या संगणकावर बँक, ईमेल आणि पासवर्ड वापरले जातात, त्यावर ट्रोजन खरोखर चालून गेला असेल, तर फाइल पुसून भागत नाही. डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकायचं आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलायचे, एवढं झाल्याशिवाय मी त्या संगणकावर विश्वास ठेवत नाही.

एमोटेटचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. २०१४मध्ये बँकेचे तपशील चोरणारा ट्रोजन म्हणून तो दिसू लागला. पुढे त्याच्या चालकांनी धंदा बदलला आणि मिळवलेला शिरकाव ते इतर टोळ्यांना विकू लागले. ईमेलला जोडलेली वर्डची फाइल उघडून कोणी मॅक्रो चालू केला की एमोटेट येई, त्याच्या मागून ट्रिकबॉट हा दुसरा ट्रोजन, आणि मोठ्या कार्यालयाचं जाळं हाती लागलं तर शेवटी सगळ्या फाइली कुलूपबंद करणारं र्‍युक. जानेवारी २०२१मध्ये अनेक देशांच्या यंत्रणांनी एकत्र येऊन त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले आणि २५ एप्रिल २०२१ रोजी बाधित संगणकांवरून तो आपोआप निघून जाईल अशी सोय केली. ट्रोजन काढण्याची याहून अधिकृत मोहीम क्वचितच झाली असेल. तरीही अमेरिकेच्या न्याय विभागाने तेव्हाच स्पष्ट केलं होतं की एमोटेटच्या वाटेने आधीच आत आलेले इतर ट्रोजन या उपायाने निघणार नाहीत. तपासात ४३ लाखांहून जास्त ईमेल पत्ते सापडले, ते संबंधितांना तपासून पाहता यावेत म्हणून नंतर उपलब्ध करावे लागले. फाइल गेली, गेलेली माहिती मात्र परत आली नाही.

आज घरगुती संगणकावर जास्त धोका आहे तो माहिती उचलणाऱ्या ट्रोजनांचा. रेडलाइन हे त्यातलं गाजलेलं नाव. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डांचे क्रमांक आणि कुकीज गोळा करून ते थोड्या वेळात बाहेर पाठवतं. या जातीचे काही नमुने काम उरकलं की स्वतःलाच पुसून टाकतात. दुसऱ्या दिवशी केलेलं स्कॅन स्वच्छ येतं आणि ते खोटंही नसतं, कारण सापडायला काही उरलेलंच नसतं. चोर घरात नाही एवढं पाहून कपाट न उघडता झोपी जाण्यासारखं हे आहे. त्यातही कुकीजकडे लोकांचं सर्वांत कमी लक्ष असतं. आपण लॉग-इन केलेलं आहे याची पावती म्हणजे ती कुकी. ती चोराच्या हाती पडली तर पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही न विचारता अनेक खाती त्याला उघडतात. म्हणून नुसता पासवर्ड बदलून पुरत नाही, ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्यायही वापरावा लागतो. आणि हे सगळं त्याच बाधित संगणकावर बसून केलं, तर नवा पासवर्डही जुन्याच्याच वाटेने जाण्याची भीती राहते. सुरुवात नेहमी ईमेलपासून करावी, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो अतिरेकाचा, आणि तो मला गंभीर वाटतो. अँटिव्हायरस ज्याला ट्रोजन म्हणेल ते प्रत्येक वेळी ट्रोजन नसतं. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक अत्यावश्यक फाइल विषाणू ठरवली आणि जगभरातले असंख्य संगणक पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहिले. तेव्हा ओळख पटवणं हे पुसण्याआधीचं काम आहे. विंडोज डिफेंडरच्या नोंदींत आधी फाइलची जागा आणि वेळ पाहावी. डाउनलोड होतानाच ती अडवली गेली आणि कधी चाललीच नाही, तर डिस्क पुसायचं काहीच कारण नाही. चालली असण्याची शक्यता असेल तर मायक्रोसॉफ्टचंच मोफत ऑटोरन्स हे साधन उघडून संगणकाबरोबर आपोआप काय काय सुरू होतं ते पाहावं: नेमून दिलेली कामं, सेवा, रजिस्ट्रीतल्या नोंदी. कोणाचीही डिजिटल सही नसलेली, तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमधून चालणारी, अर्थहीन नावाची नोंद दिसली की संशय बळावतो. अशी फाइल व्हायरसटोटलवर अनेक इंजिनांकडून तपासून घेता येते. स्वतःची खासगी कागदपत्रं मात्र तिथे कधीही चढवू नयेत, ती इतर संशोधकांनाही उतरवून घेता येतात.

पण ही तपासणी आपण संशयित संगणकालाच प्रश्न विचारून करत असतो, हे विसरून चालत नाही. २००५मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडींमधून आलेलं एक सॉफ्टवेअर विशिष्ट अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइली विंडोजपासूनच लपवत असल्याचं मार्क रुसिनोविच यांनी दाखवून दिलं. ऑटोरन्सच्या कर्त्यांपैकी ते एक. म्हणूनच विंडोज सुरू होण्याआधी चालणारं डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन साध्या स्कॅनपेक्षा जास्त भरवशाचं. त्यात काही सापडलं तर माझी शंका पक्की होते. काही सापडलं नाही तर ती थोडी कमी होते, संपत नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: डिस्क पुसूनही टिकणारे प्रकार आहेत. हे खरं आहे. २०१८मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने उघड केलेला लोजॅक्स मदरबोर्डवरच्या चिपमध्ये घर करत होता. पण त्याचं लक्ष्य सरकारी संस्था होत्या. इतकी दुर्मीळ हत्यारं घरगुती संगणकावर क्वचितच खर्च होतात, आणि त्यांच्या धाकाने नेहमीच्या ट्रोजनांवरचा खात्रीचा उपाय सोडून देणं मला पटत नाही.

सर्वसामान्यांची अडचण वेगळीच असते. फोटो, हिशेब, डीटीपीचे फॉन्ट, बसवून घेतलेलं सॉफ्टवेअर, हे सगळं पुन्हा कोण करणार? त्रास आहे, पण वाटतो तेवढा नाही. विंडोजचा डिजिटल परवाना बहुधा त्या यंत्राशीच जोडलेला असतो, त्यामुळे नव्याने टाकल्यावर ते आपोआप सक्रिय होतं. बसवण्यासाठीचा किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर तयार करावा. जुन्या डिस्कवरून फोटो आणि कागदपत्रं घ्यावीत, चालणारी प्रोग्रॅम फाइल एकही घेऊ नये. खरी कसोटी लागते ती इथेच, कारण सॉफ्टवेअर फुकटात चालवण्यासाठी घेतलेल्या ज्या क्रॅकमधून ट्रोजन आला तोच क्रॅक जुन्या फोल्डरमधून पुन्हा बसवण्याचा मोह होतो. बसवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगणारा कोणताही क्रॅक मी संशयितच मानतो. आणि खात्यातून पैसे गेले असतील तर क्रम बदलतो: यंत्र इंटरनेटपासून तोडायचं, बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवायचं, आणि तक्रार नोंदवून पुरावा जपला जाईपर्यंत डिस्कला हात लावायचा नाही.