ध्वनीचा मध्यस्थ

सुमारें वीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचे बंधु तेव्हां परदेशीं असत व दर रविवारीं संगणकावरून मातोश्रींशीं बोलत. एके रविवारीं आम्ही आमच्या लिनक्स संगणकावर ख्याल ऐकत असतां त्यांची हाक आली; पण कांहीं केल्या त्यांचा आवाज उमटेना. मातोश्री म्हणाल्या, "तुझ्या बुवांना माझ्या मुलानें बोललेलें खपत नाहीं वाटतें!"

त्यांचें निदान अचूक होतें. लिनक्सच्या गाभ्यांत ध्वनियंत्राशीं बोलण्याचें काम 'आल्सा' ही प्रणाली करिते. परंतु पुष्कळशीं साधीं ध्वनियंत्रें एका वेळीं एकाच प्रोग्रॅमचें ऐकतात. पहिला दार अडवून बसला, कीं दुसरा बाहेर. म्हणून मध्यें ध्वनि-सर्व्हर बसवितात. सारे प्रोग्रॅम आपापला ध्वनि आंकड्यांच्या रूपानें त्याच्या स्वाधीन करितात. कोणाचे सेकंदाला ४४,१०० आंकडे, कोणाचे ४८,०००. तो ते एका मापाचे करितो, त्यांची बेरीज करितो आणि एकच प्रवाह यंत्रास देतो. लेनार्ट पोएटरिंग यांचा 'पल्सऑडिओ' हा असा सर्व्हर २००७ सालीं फेडोरा ८ नें मूळचाच म्हणून घेतला.

या मध्यस्थास घाई व सबुरी यांचा मेळ घालावा लागतो. ४८,००० च्या गतीनें १,०२४ आंकडे सांठवून मग पुढें धाडले, तर सुमारें २१ मिलिसेकंद उशीर होतो. नुसत्या ऐकणारास तो जाणवत नाहीं. संगणकांतून आपलाच स्वर ऐकत गाणारास मात्र खटकतो. ६४ च आंकडे घेतले, तर उशीर दीड मिलिसेकंदाच्याहि आंत येतो. पण संगणक क्षणभर इतरत्र गुंतला, कीं स्वर तुटतो. म्हणून संगीतकारांसाठीं पॉल डेव्हिस यांचा 'जॅक' निराळा होता. पुढें विम टेमन्स यांच्या 'पाइपवायर'नें दोन्हीकडच्या प्रोग्रॅमांस एका छताखालीं आणिलें. २०२१ सालीं फेडोरा ३४ नें त्याचा स्वीकार केला.

आतां ख्याल चालू असतां हाक आली, तर दोन्ही ऐकूं येतात, आणि ख्यालाचा तेवढा आवाज उतरवितां येतो. पण ती हाकच हल्लीं क्वचित् येते. मातोश्रींना जाऊन सहा वर्षें झालीं. एका मुलाची घाई आणि दुसऱ्याचा आळस त्या पोटांत घालीत व आमचें बोलणें जुळवून देत; त्या हें करितात, हें आम्हांस कधीं जाणवलेंहि नाहीं. त्यांच्या मागें तें तुटत गेलें. त्यांत दोष आम्हां दोघांचाच. येत्या रविवारीं पहिली हाक आम्हींच घालावी, असें मनाशीं ठरविलें आहे.