नखाएवढी आई

आईच्या वर्षश्राद्धासाठी तसबीर हवी होती. संगणकात ‘आई’ शब्द घालून शोधले. काहीच निघाले नाही! ‘दिवाळी’ घातला, तर 43 फायली निघाल्या, पण साऱ्यांपुढे एकाच छापाचे चिन्ह. एकेक उघडीत बसलो. चिरंजीवांना हसू आले. विंडोजच्या पर्यायांत ‘नेहमी चिन्हेच दाखवा’ अशा अर्थाच्या ओळीपुढे खूण होती. ती त्यांनी काढली आणि चिन्हे मोठी केली. झाले! प्रत्येक नावावर नखाएवढे चित्र उमटले. इंग्रजीत त्याला अंगठ्याचे नखच म्हणतात.

एका चित्रात, मुलांच्या फुलबाज्यांमागे, आई चकल्या तळीत बसली होती. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या मी नावे दिली ती सणांची!

तसबीर करायला टाकण्यापूर्वी त्या फायलीचे नाव तेवढे बदलले.